आई-बाप काळे, शिंगरू तांबडं कसं? घोड्याच्या रंगाचा हिशेब समजून घ्या

ठाकुर्ली : तुळशीचं लग्न लागलं की ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याणच्या रस्त्यांवर वरातीच्या घोड्या दिसायला लागतात. ऑर्डर द्यायला येणारा नवरदेवाकडचा माणूस आधी एकच विचारतो, "पांढरी आहे का?" रंग पाहिजे तसा असला तर भाव वाढतो, नसला तर घोडी कितीही शांत आणि शिकलेली असली तरी मागे पडते. घोड्याच्या धंद्यात रंग म्हणजे पैसा.

वादही इथेच सुरू होतात. घोडी गाभण राहिली की साधारण 11 महिने वाट बघायची. तेवढ्या काळाचा खुराक, औषधपाणी, आणि वर घोडा लावायचा खर्च. मग शिंगरू पडतं ते भलत्याच रंगाचं. "काळा घोडा लावला होता, हे तांबडं आलं कुठून? दुसराच घोडा लावला" अशी बोलाचाली होते, कधी जुनी ओळख तुटते. अशा बऱ्याच वेळा फसवणूक झालेलीच नसते, रंग निसर्गाच्या हिशेबाने आलेला असतो. काही वेळा मात्र रंगावरून फसवणूक खरोखर ओळखता येते. यातलं कोणतं केव्हा, हे घोडा पाळणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

थोडक्यात

- शिंगराचा रंग निम्मा आईकडून, निम्मा बापाकडून ठरतो.
- दिसतो तो रंग आणि अंगात लपलेला रंग वेगळे असू शकतात.
- काळ्या जोडीला तांबडं शिंगरू होऊ शकतं. तांबड्या जोडीला काळं होत नाही.
- वयाने पांढरा होणारा घोडा जन्मतो तेव्हा सहसा गडद रंगाचा असतो.
- रंगावर शंका असेल तर भांडणाआधी केसांची डीएनए तपासणी करता येते.

बाजारातली रंगांची नावं

नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा गाव आहे. तिथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही घोडे विकायला येतात. अशा बाजारात फिरलं की रंगाची नावं कानावर पडतात. नावं बाजारागणिक थोडी बदलतात, पण साधारण अर्थ असे :

- मुश्की : अंग, आयाळ, शेपूट सगळं काळं.
- सुरंग किंवा तांबडा : सगळं अंग तांबूस. आयाळ-शेपूटही तांबडी किंवा थोडी फिकी, कुठेही काळे केस नाहीत.
- कुमाईत : अंग तांबूस-तपकिरी, पण आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे. फार गडद असला तर तेलिया कुमाईत.
- सब्जा : जन्मतो गडद, वयाबरोबर राखाडी होत जातो आणि शेवटी पांढरा दिसतो. कातडी काळीच राहते.
- नुकरा : जन्मापासून पांढरा, कातडी गुलाबी.
- अबलख : पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे मोठे पट्टे.
- पंचकल्याणी : चारही पाय खाली पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा.

मूळ रंग दोनच

एवढी नावं असली तरी घोड्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच असतात, काळं आणि तांबडं. बाकीचे सगळे रंग या दोघांच्या वाटणीतून, पातळ होण्यातून किंवा रंगच न भरण्यातून तयार होतात.

कोणता रंग किती आणि कुठे भरायचा, हे जनुकं ठरवतात. जनुक म्हणजे शरीराच्या प्रत्येक पेशीत असलेली सूचना. भिशीच्या चिठ्ठ्या डोळ्यासमोर आणल्या की हे लवकर कळतं. प्रत्येक गोष्टीसाठी घोड्याजवळ दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. शिंगरू होताना घोडी आपल्या दोनातली एक देते, घोडा आपल्या दोनातली एक देतो. कोणती जाईल ते कुणाच्या हातात नसतं.

पहिली चिठ्ठी काळ्या-तांबड्याची. यात काळी चिठ्ठी जोरावर असते. दोनातली एक जरी काळी असली तरी घोड्याच्या अंगात काळा रंग तयार होतो. दोन्ही तांबड्या असल्या तरच घोडा तांबडा. या फरकामागचं जनुक स्वीडनच्या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवून दिलं.

काळ्या जोडीच्या पोटी तांबडं

आता वादाचं मूळ बघा. घोडा काळा, घोडी काळी. दोघांजवळ एकेक काळी आणि एकेक तांबडी चिठ्ठी आहे. तांबडी दबलेली, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. शिंगरात चार जोड्या पडू शकतात :

1. आईची काळी, बापाची काळी – शिंगरू काळं
2. आईची काळी, बापाची तांबडी – शिंगरू काळं
3. आईची तांबडी, बापाची काळी – शिंगरू काळं
4. आईची तांबडी, बापाची तांबडी – शिंगरू तांबडं

म्हणजे चारात एक वेळ तांबडं. आई-बाप दोघंही काळे, घोडाही तोच, कुठे लबाडी नाही, तरी शिंगरू तांबडं.

चारात एक म्हणजे दर चौथं शिंगरू तांबडं होतं असं मात्र समजू नका. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात. लागोपाठ दोन तांबडी होतील, नाहीतर सहा वर्षांत एकही होणार नाही.

याच्या उलट होत नाही. तांबड्या घोड्याजवळ दोन्ही चिठ्ठ्या तांबड्याच असतात. तो काळी देणार कुठून? म्हणून तांबडा घोडा आणि तांबडी घोडी यांना काळं किंवा कुमाईत शिंगरू झालं, तर शंका घ्यायला जागा आहे. एक तर बाप दुसरा, नाहीतर दोघांपैकी एकाचा रंग ओळखण्यात चूक झाली.

काळा आणि तांबडी मिळून कुमाईत

दुसरी चिठ्ठी वाटणीची. काळा रंग अंगभर पसरू द्यायचा की फक्त आयाळ, शेपूट आणि पायांवर ठेवायचा, हे ती सांगते. वाटणीची एक चिठ्ठी असली तरी पुरते, घोडा कुमाईत होतो. एकही नसेल तर काळा अंगभर पसरतो आणि घोडा मुश्की होतो.

गंमत अशी की तांबड्या घोड्यात काळा रंगच नसतो. वाटायलाच काही नाही, म्हणून वाटणीची चिठ्ठी असली काय, नसली काय, बाहेरून कळत नाही. अशी चिठ्ठी लपवून बसलेली तांबडी घोडी काळ्या घोड्याला लावली, तर काळा रंग बापाकडून येतो, वाटणी आईकडून येते आणि शिंगरू कुमाईत होतं. आई-बापापैकी कुणीच कुमाईत नाही, तरी हिशेब बरोबर.

दोघंही खरे मुश्की असतील तर कुमाईत शिंगरू होत नाही, कारण वाटणीची चिठ्ठी कुणाजवळच नसते. इथे एक सावधगिरी पाहिजे. तेलिया कुमाईत लांबून काळाच दिसतो, आणि उन्हात राहिलेला काळा घोडा तपकिरी दिसतो. नाकपुड्यांभोवती, काखेत आणि जांघेत केस तांबूस आहेत का ते बघा. तिथे तांबूस असेल तर घोडा बहुधा कुमाईत आहे.

पांढरा म्हणजे एकच पांढरा नव्हे

सगळ्यात जास्त पैसा पांढऱ्यात आणि सगळ्यात जास्त गोंधळही पांढऱ्यातच. पांढरा दिसणारा घोडा तीन वेगळ्या वाटांनी पांढरा झालेला असू शकतो.

पहिली वाट, सब्जा. याची एक चिठ्ठी पुरते आणि ती बाकी सगळ्या रंगांवर चढते. शिंगरू काळं, तांबडं किंवा कुमाईत जन्मतं. मग दरवर्षी केस पांढरे होत जातात, जसे माणसाचे पिकतात. बरेच घोडे सहा ते दहा वर्षांचे होईपर्यंत पांढरे दिसायला लागतात. वरातीतल्या ज्या पांढऱ्या घोडीचं नाक आणि ओठ काळे दिसतात, ती बहुधा सब्जाच. या जनुकाचा शोध स्वीडनच्या उपसाला विद्यापीठाच्या संशोधकांसह एका गटाने 2008 मध्ये प्रसिद्ध केला.

सब्जा रंग पिढी गाळून येत नाही. शिंगरू सब्जा असेल तर आई-बापापैकी एक तरी सब्जा असलाच पाहिजे. मात्र दोन्ही पालक सब्जा असले तरी शिंगरू सब्जा होईलच असं नाही. दोघांजवळ एकेकच चिठ्ठी असेल तर चारात एक शिंगरू आयुष्यभर गडद राहतं.

खरेदी करणाऱ्याचं नुकसान इथे होतं. सब्जा आई किंवा बाप असलेलं काळंभोर शिंगरू कुणी "मुश्की" म्हणून जास्त पैसे मोजून घेतो आणि पाच-सहा वर्षांत ते पांढरं होतं. विकणारा खोटं बोललाच असेल असं नाही, कदाचित त्यालाही माहीत नसेल. काळं शिंगरू घेताना डोळ्यांभोवतीचे केस नीट बघा. तिथे चष्म्यासारखी पांढऱ्या केसांची कड दिसली तर शिंगरू पुढे पांढरं होणार.

दुसरी वाट, रंग पातळ होण्याची. कोऱ्या चहात दूध घालावं तसा हा प्रकार. पातळ करणारी एक चिठ्ठी आली की तांबडा घोडा सोनेरी होतो, आयाळ-शेपूट पांढुरकी. कुमाईतचं अंग बदामी-पिवळसर होतं, आयाळ-शेपूट काळीच राहते. दोन चिठ्ठ्या आल्या की घोडा जवळजवळ पांढरा, कातडी गुलाबी, डोळे निळसर.

सोनेरी घोडा आणि सोनेरी घोडी यांना चारात एक तांबडं, दोन सोनेरी आणि एक गुलाबी कातडीचं पांढरट, असा हिशेब पडतो. काळ्या घोड्यावर मात्र ही एक चिठ्ठी सहसा दिसतच नाही. म्हणून काळ्या दिसणाऱ्या जोडीलाही कधीतरी निळ्या डोळ्यांचं पांढरट शिंगरू होऊ शकतं, आणि तीही फसवणूक नसते.

तिसरी वाट, रंग न भरण्याची. काही घोड्यांत कातडीच्या मोठ्या भागात रंग तयार करणाऱ्या पेशीच पोचत नाहीत. तिथे केस पांढरे आणि खाली कातडी गुलाबी. हे सगळ्या अंगावर झालं तर घोडा जन्मतःच पांढरा. याचे डोळे बहुतेक वेळा गडद असतात. क्वचित असं जनुक नव्याने बदलतं आणि रंगीत आई-बापाच्या पोटी पांढरं शिंगरू येतं.

बाजारात नुकरा म्हणून जे घोडे विकले जातात ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या, कोणत्याही वाटेने आलेले असू शकतात. दोन नुकरे एकत्र आणले म्हणजे नुकराच होईल अशी खात्री फक्त दिसण्यावरून देता येत नाही.

अबलख आणि पंचकल्याणी

अबलखचे पांढरे पट्टेही रंग न भरण्यातूनच येतात. पाठीवरून ओलांडून जाणारे मोठे, स्पष्ट पट्टे असतील तर सहसा आई-बापापैकी एक तसा असतो. काही प्रकारचे पट्टे मात्र लपून चालतात. पालकाच्या तोंडावर फक्त पट्टा आणि पायात पांढरे मोजे असतात, आणि शिंगराच्या पोटापर्यंत पांढरं चढतं.

पंचकल्याणीची हमी कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. पायांवर किती पांढरं येईल हे अनेक जनुकांवर आणि शिंगरू पोटात वाढत असतानाच्या योगायोगावर असतं. प्रयोगशाळेत एकाच घोड्यापासून तयार केलेल्या नकलांमध्येसुद्धा पांढऱ्या खुणा हुबेहूब सारख्या येत नाहीत.

वादाआधी हा तक्ता बघा

होऊ शकतं :

- काळा × काळी = तांबडं
- कुमाईत × कुमाईत = कुमाईत, काळं किंवा तांबडं
- काळा × तांबडी = कुमाईत
- सब्जा × सब्जा = कधीच पांढरं न होणारं शिंगरू
- तांबडा × निळ्या डोळ्यांची, दोन पातळ चिठ्ठ्यांची घोडी = पातळ झालेला रंग, पूर्ण तांबडं नाही

होत नाही :

- तांबडा × तांबडी = काळं किंवा कुमाईत
- खरा मुश्की × खरी मुश्की = कुमाईत
- सब्जा नसलेली जोडी = सब्जा शिंगरू

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रंग जुळला म्हणजे बाप तोच, असं सिद्ध होत नाही. काळे घोडे अनेक असतात. रंगावरून फार तर "हा बाप असू शकत नाही" एवढंच कळतं. बाप कोण, हे डीएनए तपासणी सांगते. त्यासाठी आयाळीचे किंवा शेपटीचे मुळासकट उपटलेले 20-30 केस लागतात, कात्रीने कापलेले चालत नाहीत. तपासणी कुठे होईल आणि खर्च किती, हे आधी पशुवैद्यकाकडून विचारून घ्यावं.

जुन्या समजुती किती खऱ्या?

*"घोडीला पहिल्यांदा जो घोडा लागला त्याचा रंग पुढच्या शिंगरांत उतरतो."* नाही. प्रत्येक शिंगराचा बाप एकच. आधीच्या घोड्याचं घोडीच्या पोटात काही शिल्लक राहत नाही.

*"गाभण घोडीसमोर पांढरा घोडा बांधला की शिंगरू पांढरं होतं."* नाही. रंग गर्भ राहतानाच ठरलेला असतो. खुराकाने केसांची चमक बदलते, रंगाच्या चिठ्ठ्या बदलत नाहीत.

*"ज्या पोटात वाढलं त्याचा रंग लागतो."* याचं उत्तर आपल्या देशातच मिळालं आहे. हरियाणातल्या हिसारला 1985 मध्ये राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र सुरू झालं. त्याच्या बिकानेर केंद्रात मे 2023 मध्ये गर्भ प्रत्यारोपणातून मारवाडी जातीची पहिली वछेरी जन्मली, तिचं नाव 'राज-प्रथमा'. एका घोडीचा गर्भ काढून दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवला होता. अशा वेळी पोट उसनं देणारी घोडी दूध देते, माया देते, पण रंगाची चिठ्ठी तिची एकही नसते.

पैसे देण्याआधी

2022 मध्ये पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातल्या एका माणसाने 22 लाखांवर रक्कम मोजून काळा घोडा घेतला. घरी आणून अंघोळ घातली तर रंग उतरला आणि खालून तपकिरी घोडा निघाला. प्रकरण पोलिसात गेलं. असं होऊ नये म्हणून :

- ओल्या पांढऱ्या फडक्याने मान, पोट आणि पाय चोळून बघा.
- विकणाऱ्याची हरकत नसेल तर साबण लावून धुऊन बघा. हरकत असेल तर तीच खूण समजा.
- केस बाजूला करून मुळाशी रंग बघा. कानाच्या आत, जांघेत आणि खुराच्या वरच्या कडेला रंग लावायचा राहून जातो.
- शक्य असेल तर आई-बाप दोघांना बघा, निदान फोटो मागा.
- शिंगराच्या जन्मवेळच्या रंगावर भाव करू नका. काळी शिंगरं बऱ्याचदा उंदरी-राखाडी जन्मतात आणि कुमाईतचे पाय आधी फिके असतात. पहिले केस गळाल्यावर खरा रंग दिसतो.

रंगाबरोबर येणारे आजार

सब्जा घोड्यांना वय झाल्यावर कातडीच्या काळ्या गाठी होतात. 15 वर्षांवरच्या सब्जा घोड्यांपैकी साधारण 70 ते 80 टक्क्यांत त्या आढळतात. शेपटीखाली, गुदद्वाराभोवती आणि ओठांपाशी महिन्यातून एकदा हात फिरवून बघा. गाठ वाढत असेल तर घरगुती चटके देऊ नका, डॉक्टरला दाखवा.

गुलाबी कातडीच्या घोड्याचं नाक आणि डोळ्यांभोवतीचा भाग उन्हाने भाजतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारच्या वरातीला असा घोडा तासन्‌तास उन्हात उभा करू नये.

अमेरिकेतल्या काही पट्टेदार जातींत एक जनुक आहे. त्याच्या दोन चिठ्ठ्या आल्या तर शिंगरू पांढरं जन्मतं, पण आतड्यांना नसा नसल्यामुळे काही दिवसांत पोटदुखीने मरतं. परदेशी रक्ताच्या पट्टेदार घोड्यांची जोडी लावताना हे आधी तपासून घ्यावं.

शिंगरू कोणत्याही रंगाचं असो, जन्मल्यावर तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत आचळाला लागलं पाहिजे आणि घोडीची वार तीन तासांत पडली पाहिजे. यात उशीर झाला किंवा शिंगराला पहिली काळी लीद होईना, तर सकाळची वाट न बघता 1962 या टोल फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. ठाकुर्ली-कल्याण परिसरातल्यांना मोठ्या उपचारासाठी परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते 1886 पासून चालू आहे.

रंग आधी की पाय आधी?

माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे घोडा पाठीवर माणसं घेऊन चढ चढतो. भीमा खोऱ्यातली भीमथडी घोडी धनगरांच्या वाड्याबरोबर ओझं घेऊन चालत आली. तिथे आधी खूर, पाय, दम आणि स्वभाव बघावा लागतो. लंगडणारी पांढरी घोडी एका लग्नसराईत मालकाला खाली आणते. पाय धड असलेली तांबडी घोडी वर्षानुवर्षं घर चालवते.

म्हणून काळ्या जोडीला तांबडं शिंगरू झालं, तर आधी वरचा तक्ता बघावा. हिशेबात बसत असेल तर ज्याने घोडा दिला त्याच्याशी भांडण नको आणि शिंगराच्या खुराकात हात आखडता नको. आणि दोन तांबड्यांच्या पोटी काळं शिंगरू उभं राहिलं, तर गावात चर्चा करण्याआधी आई-बापाचे रंग पुन्हा नीट बघावेत आणि केस तपासायला पाठवावेत.